डूख

आमच्याकडं रात्रीच्या वेळी सापाला साप म्हणत नाहीत. 'जनावर' म्हणायचं, नाहीतर 'लांबडं'. नाव घेतलं की ते येतं, असं आजी सांगायची. आणखी एक गोष्ट ती सांगायची. जनावराला अर्धमेलं करून सोडू नये. ते डूख धरतं, माणसाचा माग काढत येतं आणि जिथं मार खाल्ला तिथंच दबा धरून बसतं. लहानपणी हे ऐकून मी अंथरुणात पाय पोटाशी घ्यायचो. पुढं शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो, आणि डूख ही एक म्हण होऊन बसली. आप्पांच्या अंगावर ती परत बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सांगोला तालुक्यात माण नदीच्या अलीकडं आमची वस्ती. दोन एकर डाळिंब, बाकी ज्वारी-बाजरी. आप्पांना साखर आणि रक्तदाब जुनाच होता. त्यात दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन वेळा सोलापूरला डायलिसिस, येण्याजाण्यात दिवस मोडायचा. शेवटी आईनं आपली एक किडनी त्यांना दिली. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या. कागदोपत्री समितीपुढं आईला विचारलं, "स्वखुशीनं देताय का?" आई म्हणाली, "आता खुशी म्हंजी काय सायेब, मानूस माजंच हाय की." साहेब हसले आणि सही झाली. पौषात पुण्याला शस्त्रक्रिया झाली. महिन्याभरानं दोघं घरी आली, तेव्हा आजीनं दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

परक्या अवयवाला शरीर शत्रू समजतं. त्यानं हल्ला करू नये म्हणून गोळ्या घ्याव्या लागतात, सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. आईला ही नावं येत नव्हती. ती 'बारकी कॅप्सूल', 'लांबट मोठी' आणि 'कडू' म्हणायची. प्लास्टिकच्या खणांच्या डबीत दर रविवारी ती आठवड्याच्या गोळ्या मोजून भरायची, जशी बियाणं मोजायची तशी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "या गोळ्या तुमच्या अंगातला पहारा ढिला करतात. ताप, खोकला, फोड, काहीही आलं तरी अंगावर काढायचं नाही."

श्रावण आला. नागपंचमीला आमच्याकडं विळी, सुरी, तवा काही वापरत नाहीत. चिरायचं नाही, भाजायचं नाही, शेतात नांगर घालायचा नाही. उकडलेली दिंडं खायची, लाह्या-दूध ठेवायचं. त्या वर्षी पावसाची भुरभुर चालू होती आणि बागेत तेल्या घुसला होता. डाळिंबावर तेलकट काळे डाग, फळं उकलायला लागलेली. आप्पा आजीची नजर चुकवून कात्री घेऊन बागेत गेले आणि तेल्याच्या फांद्या छाटून आले. दारात आजी उभी होती. तिनं हातातली कात्री बघितली आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आप्पा नंतर म्हणायचे.

चौथ्या दिवशी त्यांच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. आधी वाटलं, वात धरला. मग वाटलं, छातीचं दुखणं. शर्ट लागला तरी आग व्हायची. कातडीवर काहीच दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाठीच्या कण्यापासून छातीखालपर्यंत लाल चट्टे उमटले आणि संध्याकाळपर्यंत त्यावर पाण्यानं भरलेल्या फोडांचे घोस आले. आजीनं कंदील जवळ धरला आणि कपाळावर हात मारला.

"नागीण हाय ही. म्या म्हनलं न्हवतं, पंचमीला कात्री लावू नगंस?"

मी सुट्टीवर आलो होतो. आजीनं शेजारच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्यानं गेरू उगाळला, फोडांच्या कडेनं लेप दिला, तोंडानं काही पुटपुटला आणि पुढच्या बाजूला बेंबीच्या रेषेत एक आडवी खूण काढली. "हिच्याफुडं जाऊ द्यायची न्हाई. त्वांड आन शेपूट एक झालं की मानूस हातचा गेला." मी कंदील धरून उभा होतो. शिकलेला होतो, तरी मनातल्या मनात मोजत होतो, खुणेपासून पहिला फोड किती बोटं लांब आहे ते. पाच बोटं होता.

सकाळी चार बोटं झाला, तेव्हा मी जीप बोलावली.

सोलापुरात डॉक्टरांनी लगेच ॲडमिट करून घेतलं. नागीण म्हणजे कांजण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजण्या येऊन जातात, पण तो विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याजवळ नसांच्या गाठी असतात, त्यात तो झोपून राहतो. वय झालं, पहारा ढिला पडला, की जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. या नसा डाव्या बाजूच्या डावीकडं आणि उजव्या बाजूच्या उजवीकडं जातात, म्हणून नागीण बहुतेक वेळा अर्ध्या अंगावरच थांबते. मी विचारलं, "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे खोटंच ना?" डॉक्टर म्हणाले, "तसं खोटं. पण यांच्यासारख्या पेशंटमध्ये ती एका नसेवर न थांबता अंगभर पसरू शकते, फुप्फुसात जाऊ शकते. म्हणजे म्हाताऱ्यांची भीती अगदी वाऱ्यावरची नाही. एवढंच, की तिला गेरूनं अडवता येत नाही."

अंगावर पहिला फोड दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत औषध सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. आम्ही त्यात बसलो, थोडक्यात. असायक्लोव्हिर शिरेतून दिलं, किडनीला सोसावं म्हणून बरोबर सलाईनही. पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी विषाणू आटोक्यात येईपर्यंत लांबट मोठी गोळी थांबवायला सांगितली. दोन आठवड्यांनी परत चालू केली. फोड वाळले, खपल्या पडल्या. भादव्यात आप्पा बागेत जायला लागले. डाव्या कुशीला गुलाबी-करडा पट्टा तेवढा राहिला, आणि अधूनमधून विजेचा चटका बसावा तशी कळ.

गोळी थांबवली आणि नागीण गेली. या दोन गोष्टी आप्पांच्या डोक्यात एकापुढं एक बसल्या. आम्हाला कुणालाच ते कळलं नाही.

दिवाळी झाली. मार्गशीर्षात एक दिवस आंघोळीच्या वेळी आईला दिसलं, त्याच पट्ट्यावर, अगदी त्याच वाटेनं, लालसर-तपकिरी गाठी उठल्या होत्या. मसुरीएवढ्या, टणक. काही गाठी एकमेकींना लागून गोल कडं करून बसलेल्या. पाणी नाही, फोड नाही, ताप नाही, थोडी खाज. पण जागा तीच. पाठीच्या कण्यापासून निघून छातीखाली थांबलेली. जुन्या पायवाटेवर परत पावलं उमटावीत तशी.

आजीनं पदर तोंडाला लावला. "डूख धरलाय तिनं," एवढंच म्हणाली.

आप्पांचा मला फोन आला. मी कामावर होतो, समोर माणसं उभी होती. गाठींबद्दल त्यांनी सांगितलंच नाही. म्हणाले, "एक इच्यारायचं हुतं. तवा ती मोठी गोळी बंद केली म्हनून नागीण लवकर गेली का रं?"

मी म्हणालो, "हां आप्पा, त्याचाही उपयोग झाला असणार. का? काय झालं?"

"काय न्हाई. आसंच."

मी फोन ठेवला. त्या 'आसंच'चा अर्थ मी विचारायला हवा होता. माझ्या तोंडून गेलेलं ते एक वाक्य पुढं कितीतरी रात्री मी परत परत ऐकलं.

आई रोज आठ वाजता गोळ्या आप्पांच्या तळहातावर ठेवायची. ते पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर जायचे, चूळ भरायचे, आत यायचे. लांबट गोळी बंडीच्या खिशात जायची. आठ दिवस झाले, गाठी काही कमी होईनात. मग त्यांनी बारकी कॅप्सूलही रात्रीची सोडली. रक्ताची महिन्याची तपासणी होती, तीही 'बागेचं काम हाय' म्हणून पुढं ढकलली.

आईला कळलं ते कपडे धुताना. बंडी दगडावर आपटली तर खिशातून पांढरा लगदा आणि दोन अर्धवट विरघळलेल्या कॅप्सुली बाहेर आल्या. तिनं त्या तळहातावर घेतल्या आणि तशीच बागेत गेली. आप्पा ठिबकच्या नळ्या बघत होते. पुढचं मला आईनंच सांगितलं, तेही फार दिवसांनी.

ती म्हणाली, "ह्ये काय?"

आप्पा गप्प.

"कवापासनं?"

"झालं की पंधरा-ईस दिस."

"मला एका शब्दानं इच्यारायचं तरी."

"तुला काय इच्यारायचं? माज्या अंगाला नागीण खातीया आन मी तिला गोळ्या चारू व्हय? डागतरनंच बंद केल्ती तवा."

मग आई म्हणाली, "तुमच्या अंगात हाय ते तुमचं एकट्याचं न्हाई. माज्यातलं काढून दिलंय. ते मारायचं आसंल तर आदी मला इच्यारा."

आप्पा तिथंच वाफ्याच्या कडेला खाली बसले. आई रडली नाही. तिनं मला फोन लावला आणि इतकंच म्हणाली, "ये. आजच्या आज ये."

पुण्याला नेलं. क्रिएटिनिन आमचं 1.3 वर स्थिर असायचं, ते 2.8 झालं होतं. शरीरानं आईच्या किडनीला परकं मानायला सुरुवात केली होती. सुईनं किडनीचा तुकडा काढून बघितला, मग तीन दिवस शिरेतून स्टेरॉईडचे मोठे डोस दिले. त्या तीन दिवसांत आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होती. एकदा तिनं आपल्या कुशीवरच्या टाक्यांच्या वणावर साडीवरूनच हात ठेवलेला मी बघितला. मला तिच्याशी बोलायचं धैर्य झालं नाही. फोनवरची गोष्ट मी तिला त्यानंतर चार दिवसांनी सांगितली. ती म्हणाली, "तुजं काय चुकलं? त्यांनी पुरतं इच्यारलं न्हाई, तू पुरतं ऐकलं न्हाईस. घरात आसंच व्हतं."

त्याच मुक्कामात त्वचेच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी गाठींवरून बोट फिरवलं, पट्टा पाठीपासून पुढंपर्यंत बघितला आणि विचारलं, "इथंच नागीण झाली होती?" आम्ही मान हलवली. "मग मला थोडा अंदाज आहे. पण अंदाजावर जायचं नाही. तुकडा काढू." जागा बधिर करून त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढला. आठवड्यानं रिपोर्ट आला.

विषाणू नव्हता. नागीण परत आलेली नव्हती. ते निघालं ग्रॅन्युलोमा ॲन्युलेर, म्हणजे कातडीच्या आत दाहाच्या पेशी एकत्र जमून केलेली कडी. तो संसर्ग नाही आणि कर्करोगही नाही. डॉक्टरबाईंनी सांगितलं, एक आजार बरा झालेल्या जागेवरच दुसरा, त्याच्याशी संबंध नसलेला आजार उगवतो, असं काही जणांत होतं. 1995 मध्ये वुल्फ नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला नाव दिलं. म्हणून त्याला वुल्फ यांची 'आयसोटोपिक प्रतिक्रिया' म्हणतात. आयसोटोपिक म्हणजे त्याच जागेवरची. पहिला आजार बहुतेक वेळा नागीणच असते. काहींना काही आठवड्यांनी होतं, काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी.

आप्पा पडल्यापडल्या ऐकत होते. त्यांनी विचारलं, "बाई, एक सांगा. माज्या अंगातला पहारा गोळ्यांनी ढिला क्येलाय म्हंता. मग ह्यो दाह कोन करतंय? पहारेकरी झोपल्यात तर लाठी कोन मारतंय?"

डॉक्टरबाई थांबल्या. म्हणाल्या, "काका, हा प्रश्न आमचे विद्यार्थीसुद्धा विचारत नाहीत." मग खुर्ची ओढून बसल्या. पहारा मेलेला नसतो, त्याचा तोल गेलेला असतो. विषाणू ज्या नसेवरून आला त्या नसेला इजा झाली. नस आणि कातडीची प्रतिकारशक्ती यांचं एरवी आपसात बोलणं चालू असतं. त्या पट्ट्यात ते बिघडतं. शिवाय विषाणूचे मेलेले अवशेष तिथं मागं राहिले असतील तर शरीर त्यांच्यावर उगाच उठत राहतं. म्हणून बाकीचं अंग शांत आणि तेवढी एक पट्टी तंट्याची.

आप्पा जरा वेळ छताकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "आपल्या वरच्या शेताचा बांध ध्यानात हाय का?"

होता. त्या बांधावरून आमचं आणि भावकीचं वीस वर्षं कोर्ट चाललं होतं. निकाल लागला, दगड रोवले, वाद संपला. पण अजूनही त्या बांधावर कुणाचं रेडकू गेलं, कुणी चार काड्या तोडल्या, तरी भांडण तिथंच पेटतं. दुसऱ्या कुठल्या बांधावर नाही.

"तसंच हाय ह्ये," आप्पा म्हणाले. "भांडान मिटलंय. बांध तेवढा तापट ऱ्हायलाय."

डॉक्टरबाई हसल्या. "आणि म्हणूनच तुकडा काढला," त्या म्हणाल्या. "अशा बांधावर कधी कधी दुसरंच कुणी येऊन बसतं. बुरशी, दुसरा संसर्ग, रक्ताच्या कर्करोगाच्या पेशंटमध्ये तर त्या कर्करोगाच्या पेशीसुद्धा. वरून सगळ्या गाठी सारख्याच दिसतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या नागिणीच्या जागेवर परत काही उठलं, तर नागीण समजून गप्प बसायचं नाही आणि मनानं गोळीही सोडायची नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी आप्पांकडं बघितलं नाही. आईकडं बघितलं.

लावायला स्टेरॉईडचं मलम दिलं, दिवसातून दोनदा. आई लावायची. फाल्गुनापर्यंत कडी सपाट झाली, चैत्र-वैशाखात विरून गेली. आता तिथं फक्त करपट डाग आहे. कळ कधीमधी येते, तिच्यासाठी रात्री एक गोळी आहे. क्रिएटिनिन मात्र 1.3 वर परत गेलं नाही. 1.7 वर थांबलं. ते चार दशांश आईनं दिलेल्यातले गेले, ते परत येणार नाहीत. घरात तो आकडा कुणी मोठ्यानं बोलत नाही. दर महिन्याला रिपोर्ट येतो, आप्पा चष्मा लावून तेवढीच ओळ वाचतात आणि कागद आईकडं देतात.

पुढच्या पंचमीला मी गावी होतो. आजीनं भिंतीवर गेरूनं नाग काढले, लाह्या-दूध ठेवलं. आप्पांनी कात्री आदल्या रात्रीच माळ्यावर टाकली होती. मी चेष्टेनं म्हणालो, "आप्पा, पंचमीमुळं नव्हतं झालं ते." म्हणाले, "ठावं हाय. पन एक दिस कात्री न्हाई लावली तर डाळिंबं काय मरत न्हाईत. म्हातारीला बरं वाटतं."

दुपारी शेजारच्या वस्तीवरचा एक जण आला. त्याच्या बायकोला सांधेवाताच्या गोळ्या चालू होत्या, आणि सकाळपासून कमरेला फोड आले होते. तो आजीला गेरूबद्दल विचारायला आला होता. आजीनं आप्पांकडं बघितलं. आप्पा ओट्यावरून उठले.

"फोड कवा उठलं?"

"आज सकाळी."

"मग तुज्याकडं तीन दिस हायत. आजच निघ. तिच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी संगं ने, आन डागतरला दाव. गोळी बंद करायची का चालू ठेवायची ते त्यानं सांगायचं, तू न्हाई. आन पुढं चार म्हैन्यांनी त्याच जाग्याला गाठी आल्या तर घाबरून बसू नगंस. परत जायचं, दावायचं. ती नागीण नसती."

"मग काय आसतं?"

आप्पांनी आजीकडं बघितलं, मग हळू म्हणाले, "डूखच आसतो. पन नागिनीचा न्हाई. आपल्याच अंगाचा."

तो माणूस गेला. आत मोबाईलवर आठचा गजर लावलेला असतो, तो वाजायला अजून बराच वेळ होता. तरी संध्याकाळ होऊ लागली तसे आप्पा उठून आत गेले, डबी घेऊन आले आणि आईच्या शेजारी बसले. आता गोळी ते तिच्यासमोरच घेतात. आणि तोंड उघडून दाखवतात, शाळेतल्या पोरासारखं. आई दरवेळी म्हणते, "बास, मिटा." पण बघितल्याशिवाय म्हणत नाही.